सातवं नाव

२१ एप्रिल २०२५, सोमवार

पोहोचले! आईने बांधून दिलेल्या भाकरी अजून मऊ आहेत. नामपूरहून सटाणा, तिथून नाशिक, मग पाथर्डी फाट्यापर्यंत रिक्षा. आणि आता चक्क माझी स्वतःची खोली, खिडकीतून लेण्यांचा डोंगर दिसतो. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली, आणि आता लेखकाच्या घरी नोकरी. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं, गर्व वाटला म्हणून. चौथ्यांदा राहू देते.

बुद्धभूषण सर अडुसष्ट वर्षांचे आहेत. नजर जवळजवळ गेली आहे, म्हणून ते सांगतील ते मी लॅपटॉपवर उतरवायचं. धर्मांतरानंतर त्यांच्या वस्तीत जन्मलेलं पहिलं मूल, म्हणून हे नाव ठेवलं, असं हसत सांगितलं. स्वयंपाकाला गोजराबाई आहेत. पिंकी हे लाडाचं नाव का, म्हणून विचारलं. दाखल्यावरही तेच आहे म्हटल्यावर त्या पोट धरून हसल्या. मग वाढता वाढता म्हणाल्या, घाबरू नको, हा माणूस रोज दुपारी जग जाळतो आणि चार वाजता चहात साखर कमी म्हणून भांडतो.

माठातलं पाणी न विचारता प्यायले. उद्या सांगायला हवं.

२३ एप्रिल, बुधवार

काम अकरा ते एक, गच्चीवरच्या खोलीत. एक टेबल, दोन खुर्च्या, समोर चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत.

कादंबरी सात सूर्यांची आहे. सरांच्या आईने त्यांना लहानपणी सांगितलं होतं की बुद्धांनी भिक्खूंना समजावलं, एक काळ असा येईल की आकाशात एकामागून एक सूर्य उगवत जातील. आपला रोजचा तो पहिला. दुसऱ्याने ओढे आटतील, पुढच्यांनी नद्या, मग समुद्र, आणि सातव्याने पृथ्वी अशी जळेल की राखसुद्धा उरणार नाही. मग सर सतरा वर्षांचे असताना, नेमकी बुद्धपौर्णिमेला, वाळवंटात अणुबॉम्बची चाचणी झाली. वस्तीत खीर वाटत होते, तेवढ्यात रेडिओवर बातमी लागली. चाचणी यशस्वी झाल्याचा निरोप ‘बुद्ध हसला’ असा गेला होता, हे त्यांना पुढे कळलं. सर म्हणाले, ती खीर अजून घशात आहे.

काल काश्मीरमध्ये पर्यटकांवर हल्ला झाला, त्याच्या बातम्या दिवसभर चालू आहेत. गोजराबाईंनी टीव्ही बंद केला, सरांनी परत लावायला सांगितला. कादंबरी यंदाच्या पौर्णिमेला संपवायची म्हणतात, म्हणजे बारा मेला. एवढी घाई का, ते विचारायचा धीर झाला नाही.

२८ एप्रिल, सोमवार

सरांना कादंबरीतल्या वस्तीसाठी सात नावं हवी होती, दर सूर्याला एक. खरी, अंगावर वापरलेली. त्यांच्याकडची संपली म्हणाले.

नावं माझ्याकडे खूप. दहावीपासून गल्लीतले सगळे फॉर्म मीच भरते, रेशनकार्डाचे, दाखल्यांचे, मतदारयादीचे. आईचा नियम असा की आधी लोकांचा भरायचा, घरचा शेवटी. त्याच सवयीने मी सांगत गेले. कुसाबाई, काळूमामा, नवसाबाई, पुंजाआबा, नवनाथ, गिरणीवाल्या आशाकाकू. आणि सातवं आईचं, भिमाबाई. सरांनी सगळी आडनावासकट लिहायला लावली.

कोणालाच विचारलं नाही. गोष्टच तर आहे, सर म्हणाले.

२ मे, शुक्रवार

पहिल्या सूर्यात कुसाबाई गेल्या, दुसऱ्यात काळूमामा. सर फार बारकाईने सांगतात. ओसरीवर माणूस बसलेलं असतं, उजेड येतो, माणूस जातं आणि मागच्या भिंतीवर त्याची सावली तेवढी राहते. बॉम्ब पडला तिथे असं खरोखर झालं होतं, म्हणाले.

आज समोरच्या भिंतीवर दोन डाग दिसले. एक कमरेत वाकून बसलेल्या बाईसारखा. दुसरा उभा, त्याचा उजवा खांदा खाली आलेला. काळूमामाचा खांदा तसा आहे, बाजारात कांद्याच्या गोण्या उचलून. ओल असेल. पण मे महिन्यात ओल? ओलं फडकं घेऊन घासलं. चुना निघाला, डाग निघाला नाही.

५ मे, सोमवार

आज तिसरा सूर्य झाला, नवसाबाईंचा. मनाला फार टोचत होतं. निदान कुसाबाईंची तरी फोनवर माफी मागावी म्हटलं. आई मजुरीला गेली की मी त्यांच्याच ओसरीवर असायचे. माझी पहिली पाटी त्यांनी आणली होती.

फोन पायलने, माझ्या धाकट्या बहिणीने, उचलला. कुसाबाईंना बोलाव म्हटलं तर ती हसायलाच लागली. आईने फोन ओढून घेतला. “कोन कुसाबाई? आपली गल्लीमा आशी कोन्ही नई शे.”

मी काळूमामाचं विचारलं. कोण काळूमामा, म्हणाली. तिचा सख्खा भाऊ. आई म्हणाली, तिला भाऊच नव्हता कधी. तुला ऊन लागलं असेल, कांदा जवळ ठेवत जा.

भिंतीवर आता तीन.

६ मे, मंगळवार

सरांनी चौथ्या सूर्याला पुंजाआबांचं नाव सांगितलं. मी दुसरंच टाकलं, मनाने रचलेलं. त्यांना कुठे दिसतंय? आयुष्यात पहिल्यांदा कामात लबाडी केली. भिंत तेवढीच राहिली, तीन. लगेच फोन लावून पाहिला. देवासारखे पुंजाआबा, खोकत होते, मला ओळखलं. रडूच आलं.

उद्या शहरात सायरनचा सराव आहे.

७ मे, बुधवार

सकाळी उठले तर सीमेपलीकडे हल्ले झाल्याची बातमी. दुपारी सायरन वाजला. गोजराबाई हसत हसत टेबलाखाली शिरल्या आणि तिथेच रडायला लागल्या.

सरांनी मला वर बोलावलं. कोणाचं नाव टाकलंस, असं विचारलं. खोटी नावं जळत नाहीत, म्हणाले. मग सगळं सांगितलं. त्या पौर्णिमेनंतर त्यांनी पहिली गोष्ट लिहिली ती घरच्यांच्या नावांनी. आई, वडील, पाच भावंडं. लिहून संपवली आणि बाहेर आले तर हा कोणाचा मुलगा, हे वस्तीत कोणालाच सांगता येईना. पुढे जेव्हा जेव्हा युद्धाचं वारं सुटलं तेव्हा तेव्हा त्यांनी पुन्हा लिहिलं, दुसऱ्यांची नावं घेऊन. शेवट कागदावर पुरा झाला की जगात व्हायचा राहतो, ही त्यांची श्रद्धा. सात जातात, बाकीचे वाचतात. लिहिणाऱ्याला तेवढं आठवत राहतं.

मी विचारलं, सर, खात्री आहे तुमची? म्हणाले, खात्री असती तर एवढी वर्षं घाबरलो असतो का, पोरी?

८ मे, गुरुवार

ठिकठिकाणी दिवे बंद. पायलचा फोन आला. बॉम्ब पडला तर लगेच मरतो का गं, म्हणून विचारत होती. बारावीत आहे ती.

अकरा वाजता पुंजाआबांचं नाव लिहिलं. मी. माझ्या बोटांनी.

त्यांचा खोकला अजून कानात आहे.

९ मे, शुक्रवार

नवनाथ. माझ्या वर्गात होता.

पाच.

१० मे, शनिवार

सकाळी आशाकाकू. संध्याकाळी बातमी, युद्ध थांबलं. कॉलनीत फटाके. गोजराबाईंनी शिरा केला. मी वाटी तशीच परत दिली.

सर म्हणाले, अजून कुठे थांबलंय, सातवा बाकी आहे. तासाभरात टीव्हीवर पुन्हा ड्रोन —

सातवी आई आहे. मीच शेवटी ठेवली. आपल्या माणसाचं नाव आधी कसं घ्यायचं म्हणून.

११ मे, रविवार

सरांना म्हटलं, सातवा नाही लिहिणार. ते रागावले नाहीत. तू ठरव, म्हणाले.

आईशी बोलले. उद्या विहारात जायचं, पांढरी साडी धुऊन ठेवलीय. माझ्या वाटणीची खीर काढून ठेवणार आहे. येशील तेव्हा खा, म्हणाली. आंबली तरी चालेल का, असं विचारून हसली.

नाही लिहिलं आणि बॉम्ब पडला तर? पायल. गोजराबाई. सगळी गल्ली. लिहिलं आणि सगळं खोटंच असेल तर — पण भिंतीवर सहा आहेत. मी मोजले. परत मोजले.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

साडेअकरा. सरांनी शेवटचं पान सांगितलं. नावापाशी थांबले. मीही थांबले.

भिमाबाई नाही लिहिलं. माझं लिहिलं. दाखल्यावर आहे तसं, पूर्ण. खोटं नाही ते. जळेल.

बारा. उजेड फार आहे. भिंतीवर — टेबलाशी वाकून बसलेली, हातात पेन —

गोजराबाई ताटं घेऊन आल्या. दोनच. मी हाक मारली. त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, चुना काढायला हवा एकदा.

आईला फोन लावला. उचलला! आई आहे. आई आहे. पिंकी बोलतेय म्हटलं. चुकीचा नंबर लागला म्हणाली, तिला एकच मुलगी, पायल. मी रडायला लागले. तिने फोन ठेवला नाही. “कोनी पोर शे तू, माय? रडू नको. खीर खादी का?”

हो म्हटलं. खोटं बोलले.

सर दारात. आत कोण आहे विचारताहेत. गोजराबाई म्हणतात कोणी नाही. टायपिंगला एखादी मुलगी बघा म्हणताहेत सर, खेड्यातली, पुष्कळ नावं माहीत असलेली —

नाही. तिला कोणीतरी सांगा —

बोटं दिसत नाहीत नीट. वहीत हाताने लिहून ठेवते. लिहिलेलं राहील. कुसाबाई. काळूमामा. नवसाबाई. पुंजाआबा. नवनाथ. आशाकाकू. आधी लोकांचं, घरचं शेवटी —

पिं