गेटसमोर थांबलेली बस

जनरल सांतोस शहर

मानोंग तेओ,

मानोंगशी, थोरल्या भावाशी, अबोला धरू नये, असं आई म्हणते. म्हणून लिहायला बसले आहे. पाठवेन असं वाटत नाही.

संप मिटला. ट्यूना मासळीच्या कारखान्यात आम्हांला परत घेतलं. तुला कंपनीने काढलं ते काढलंच, आणि युनियनने बोलावलं तरी तू आला नाहीस. दावाओला ट्रक चालवतोस म्हणे.

"ज्यांचं खातो त्यांच्याशी बेइमानी कशी करू?" असं म्हणत तू संपात न येता कंपनीची बस चालवत राहिलास. त्या सकाळी बदली कामगारांनी भरलेली बस तूच घेऊन आलास. गेटसमोर मी आणि माझ्यासोबत काम करणारी नेल्डा आडव्या पडलो होतो. तिला सातवा महिना होता. मॅनेजर ओरडला, "घे पुढे! उठतील आपोआप." तू ब्रेक दाबलास, खाली उतरलास आणि किल्ली त्याच्या हातात दिलीस. लोकांनी तुला खांद्यावर उचललं. मी रडत होते.

घरी आल्यावर तू म्हणालास, "उगाच मिरवू नका मला. तू होतीस म्हणून थांबलो. दुसरी कोणी असती तर नेली असती पुढे."

"आणि नेल्डा?" मी विचारलं. तू उठून आत गेलास.

नेल्डाला मुलगी झाली. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तिला तूच हवा आहेस. शेवटी मी तुझं बोलणं तिला जसंच्या तसं सांगितलं. ती हसली. "थांबला ना? मग झालं की!"

मला अजून तसं म्हणता येत नाही, मानोंग.

तुझीच बहीण,
मिंडा