सत्यनिष्ठ मुलगी आणि बेडोकचा सत्संग

ती. अरुणावन्सं यांच्या पायांवर सिंगापुरातल्या बेडोकहून सुलेखाचं डोकं.

मोतीबिंदूचा डोळा आता कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? इकडे रुचिर, सूनबाई आणि मी ठीक आहोत. ठीक म्हणजे हातपाय ठीक आहेत, बाकीचं पुढे लिहिते. पत्र विनीताबरोबर पाठवतेय, ती उद्याच पुण्याला निघाली आहे. फोनवर हे बोलण्यासारखं नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मी खाजगी म्हणून पाठवलेलं सगळं कुटुंबाच्या ग्रुपवर जातं. (तुमच्या पोट साफ होण्याच्या चूर्णाचं तसंच झालं होतं. पुन्हा एकदा क्षमा.) हे पत्र एकटीने वाचा. डोळ्याला त्रास होतो म्हणून शेजारच्या मुलीला वाचायला बसवू नका. आणि आधी कशाला तरी टेकून बसा.

रुचिरच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत मैत्रेयी भाड्याने राहते, हे मी मागे कळवलं होतंच. ठाण्याची मुलगी, इथे एका बँकेत नोकरी. आपल्या धवलसाठी मीच ती हेरली. तुमचा मुलगा एवढा तुआसला बंदरावर इंजिनिअर, कंटेनर खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे हलवतो, पण मुलीसमोर बसला की त्याच्या तोंडून शब्द हलत नाही. मैत्रेयीसमोर मात्र तो बोलला, चक्क हसला! मग मी तिला घरचं विचारायला बसले. ओघात विचारलं, "बाई गं, तुमच्याकडे देवाधर्माचं काय?" ती शांतपणे म्हणाली, "काकू, खरं सांगू? मी सेटनिस्ट आहे." आता वन्सं, वर पंखा गरगरत होता, खाली मुलं ओरडत होती, मला ऐकू आलं सत्यनिष्ठ. मी तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. म्हटलं, आजकालच्या जगात कोण असतं असं! ती जराशी चकित झाली, पण खूश दिसली. धवलसाठी सत्यनिष्ठ मुलगी मिळाली असं तुम्हाला लिहिलं ते याच भरात. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवातही मी चार बायकांना अभिमानाने, अगदी तिच्याच उच्चारात सांगितलं. त्यातली एक चहाचा कप तसाच ठेवून उठली, तेव्हा मला वाटलं तिला घाई असेल.

गेल्या शनिवारी दुपारी मैत्रेयी म्हणाली, माझ्या विचारांची दोघं-तिघं गप्पा मारायला येणार आहेत, चालेल ना? मी म्हटलं न चालायला काय झालं, सत्संगच तो. साजूक तुपातला शिरा केला, केळीचं पान मिळालं नाही म्हणून केळंच ठेवलं, आणि टाळ घेऊन मध्ये बसले. आंग मो किओहून लिम नावाचे गृहस्थ आले, पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या. दुसरी फेलिशिया, काळे कपडे आणि काळी नखं. (मला वाटलं बिचारी सुतकात आहे, म्हणून तिला शिरा थोडा जास्त वाढला.) मी सुरुवातीला गजर म्हटला. लिमसाहेबांनी डोळे मिटून डोलत ऐकला आणि मग इंग्रजीत मला काही विचारलं. मला इंग्रजी कळतं, पण सिंगापूरचं इंग्रजी शेवटी "ला" लावून पळून जातं. एवढं समजलं की, तुम्ही त्याला खरोखर आहे असं मानता की नुसतं प्रतीक? म्हटलं हा तर आपला सगुण-निर्गुणाचाच वाद. ठासून सांगितलं, आम्ही सगुणवाले! मूर्ती, नैवेद्य, सगळं. लिमसाहेबांनी उठून माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, या ग्रुपमध्ये इतकी वर्षं मी एकटा पडलो होतो. आणि त्यांनी मोबाइलवर आपलं दैवत दाखवलं. बोकडाचं तोंड, पाठीला पंख, कपाळावर चांदणी. खाली लिहिलं होतं: सेटन.

वन्सं, माझ्या हातातला टाळ सुटला तो थेट शिऱ्यात.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मी सोफ्यावर आडवी होते, मैत्रेयी माझे तळपाय चोळत होती, फेलिशिया काळ्या नखांनी साखरपाणी ढवळत होती आणि लिमसाहेब वहीने वारा घालत होते. मी तोंडात रामनाम धरून विचारलं, हे सगळं काय आहे? तर मैत्रेयी म्हणाली, काकू, मी तर तुम्हाला आधीच सांगितलं होतं. आणि मग समजावत बसली. यांच्यातही पंथ आहेत हो! लिमसाहेब सैतानाला खरोखरचा देव मानतात, त्याची प्रार्थना करतात. फेलिशियाचा पंथ म्हणतो देवही नाही आणि सैतानही नाही, आपणच आपला देव, कुणी एक मारली तर दुसरा गाल पुढे करायचा नाही, आणि वर्षातला सगळ्यात मोठा सण म्हणजे आपला स्वतःचा वाढदिवस. (आमच्या ह्यांनी या पंथात जन्मभर काढला, मला नाव माहीत नव्हतं एवढंच.) तिसरे ल्युसिफरवाले. तो म्हणे प्रकाश आणणारा, ज्ञान देणारा. त्यांचे प्रतिनिधी त्या दिवशी किराणा आणायला पुलापलीकडे मलेशियात जोहोरला गेले होते. मैत्रेयीचा पंथ चौथा. तिच्या लेखी सैतान म्हणजे अन्यायापुढे मान न झुकवण्याची फक्त खूण. दया करा, विज्ञान माना, आपल्या शरीरावर हक्क आपलाच, दुसऱ्याचं स्वातंत्र्य तुडवू नका. ऐकायला बरं वाटतं, पण बोकड तो बोकडच!

मग मी धीर करून तो एकच प्रश्न विचारला जो तुम्हीही विचारला असता. म्हटलं, बळी देता का? तिघंही दचकली. मैत्रेयी तर दूधसुद्धा पीत नाही (शिरा तिने का खाल्ला नाही ते तेव्हा कळलं), फेलिशियाच्या पंथात खाण्याशिवाय प्राणी मारणं हे पापच, आणि लिमसाहेबांची आई बौद्ध, त्यामुळे ते प्रतिपदा-पौर्णिमेला शाकाहारी. मला हायसं वाटलं आणि मी बोलून गेले, की आमच्याकडे म्हसोबाच्या जत्रेला बोकड असतो, त्याच्या अंगावर पाणी टाकतात, तो थरथरला की देवाने कौल दिला, मग कापतात. तुम्ही रस्सा किती सुरेख करता तेही सांगितलं. फेलिशियाने पाय सोफ्यावर ओढून घेतले. लिमसाहेब हळूच मैत्रेयीला म्हणाले, "युअर आंटी व्हेरी हार्डकोअर, ला."

ते गेल्यावर मी रुचिरला सांगितलं, ही मुलगी या घरात नको. मैत्रेयी दारातच उभी होती. म्हणाली, "काकू, भीती वाटत असेल तर मी महिनाअखेर खोली सोडते. पण मी दुसरंच कुणी आहे असं सांगून नाही राहणार." डोळे भरले होते, पण मान ताठ. आणि भांडी घासायला गेली. टाळसुद्धा घासून, पुसून देव्हाऱ्यात ठेवला. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी धवलला बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, बोलावलं. उसाचा रस समोर ठेवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामी, मला पहिल्या दिवसापासून माहितीये. मी तिला लग्नाचं विचारलंय." मी रस स्वतःच पिऊन टाकला. तिने काय सांगितलं? ती हो म्हणाली, पण अट घातली. आईला हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मामीकरवी नाही. आईपुढे खरं बोलायला जो घाबरतो, त्याच्याशी संसार करणार नाही, म्हणे. आणि एवढा उंच मुलगा, टेबलावर नखाने रेघा ओढत म्हणाला, "मामी, आईला धक्का बसला तर? डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय." त्याला तुमची किती काळजी आहे ते पाहून मलाच भरून आलं. आजवर त्याने एकाही मुलीसाठी एवढं बळ एकवटलेलं मी पाहिलं नाही.

खोली मैत्रेयीने सोडलेली नाही. मी सोडू दिली नाही. बाकी निर्णय तुमचा, तुम्ही मोठ्या आहात.

आपली,
सुलेखा

ता. क. धवल रविवारी सकाळी फोन करील आणि सगळं "स्वतः" सांगेल. तेव्हा तुम्हाला यातलं अक्षरही माहीत नाही, एवढी मेहेरबानी करा. मैत्रेयीला हे पत्र कधीही कळता कामा नये, तिला खोटं चालत नाही.

ता. ता. क. धक्का बसल्याचं दाखवा, नाहीतर त्याला संशय येईल. पण बेताने. तुमचा आवाज चढला की तो "रेंज नाही" म्हणून फोन ठेवतो आणि मग आणखी दहा वर्षं बिनलग्नाचा. वाचताना खरोखरच धक्का बसला असेल, तर तो वाया घालवू नका, रविवारपर्यंत सांभाळून ठेवा.