बाबांच्या बाजूची फळी

पाचपावली, नागपूर
३ फेब्रुवारी १९८६

चि. ताराचंद यास,
अ. आ. आणि जय भीम. वि. वि.

जबलपूरला सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. त्यात आईच्या भाकरीची आठवण आहे, बर्डीच्या बाजारात घेतलेल्या स्वेटरची आहे, गाडीत जागा मिळाली नाही त्याचीही आहे. बाबांबद्दल एक ओळ नाही. कार्ड दोनदा उलटंपालटं करून पाहिलं आणि मग असा संताप आला की भांडी घासताना कपाची दांडी मोडली.

तुला वाटत असेल की तू काही वावगं बोललाच नाहीस. मग मीच सांगते. सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी बाबा तुझ्याशी टीव्ही गेम खेळत होते. चेंडू खालच्या बाजूला आला की त्यांची फळी निसटत होती. तेव्हा आईच्या आणि शेजारच्या बाबारावकाकांच्या समोर तू हसून म्हणालास की बाबा, हात पहिल्यापेक्षा ढिला होऊन राहिला तुमचा, राहू द्या आता. बाबा उठले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. आपण पोहे खात बसलो. मीसुद्धा बसले, तो माझ्यावरचा राग मी वेगळा ठेवला आहे.

तू लांब असतोस, म्हणून काय मोडलंस ते तुला ठाऊक नाही. मागच्या होळीला बाबांना लकवा मारला तेव्हापासून उजव्या हातात पेला धरवत नव्हता. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो मी काय लेकरू आहो काय म्हणत त्यांनी नालीत फेकला. सगळी हयात हातमागावर लुगडी विणलेला माणूस, कोपऱ्यातल्या मागाकडे पाठ करून बसायचा. मग धम्मचक्र दिनाला तू हा गेम आणलास. कोणीतरी तुमच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात टाकून दिलेला, तू जुळवलेला. पडद्यावर दोन फळ्या, मधे चेंडू, नॉब फिरवला की फळी वरखाली. बाबा बघत राहिले आणि म्हणाले की हा तर मागावरचा धोटा आहे, इकडून फेकला की तिकडून परत. आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी नॉबवर ठेवला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी खेळ. आधी मोठी फळी आणि हळू चेंडू. डिसेंबरात त्यांनी छोट्या फळीचं बटण स्वतः सरकवलं. आईनं त्या दिवशी खीर केली. टीव्हीवरच्या चेंडूसाठी खीर करणारी बाई अख्ख्या पाचपावलीत एकच असेल. एका दुपारी मी शाळेतून आले तर बाबा मागापाशी धोटा हातात घेऊन बसले होते. मी चपला हातात घेऊन हळूच आत गेले.

आता टीव्हीवर चादर आहे. उमरेडच्या विणकर भैय्याजींना बाबांनी निरोप धाडला. नऊ मार्चला, रविवारी, ते टेम्पो घेऊन येणार आणि माग उचलून नेणार. बाबा म्हणतात की ज्याचा हात चालतो त्याच्या घरी माग असावा. एकदा तो घराबाहेर गेला की बाबांचा हात कायमचा मांडीवर पडून राहील, हे मला समोर दिसतं आहे.

लवकर उत्तर पाठव. लोभ माझा आहेच, पण तो दाखवायची सध्या मुळीच इच्छा नाही.

तुझी ताई,
प्रेमिला

*

जबलपूर
११ फेब्रुवारी १९८६

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मी दुकानात चारचौघांत फोडलं आणि कान लाल झाले. मी घरी येतो तो दोन दिवसांसाठी. या खेपेस त्यातला अर्धा दिवस त्या गेमवर मान मोडून बसलो. बाबांच्या बाजूचा नॉब खरखरत होता, फळी पडद्यावर थरथरत होती, ते तुला इतके दिवस दिसलं नाही का? मी उघडला. आतला कंट्रोल पार झिजला होता. मी माळ्यावरून आपला तो मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ काढला, त्याचा आवाजाचा कंट्रोल सोडवला, ओहम जुळतात का पाहिलं आणि बसवला. असा माल आता बाजारात मिळत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा, लोण्यासारखा फिरतो. फळी तसूभर थरथरत नाही. त्याबद्दल घरात कोणी चहासुद्धा विचारला नाही, आणि वर हे पत्र!

नॉब ठणठणीत केल्यावरही बाबांच्या हातून चेंडू सुटत होता. आधी थरथरत्या फळीनं अडवायचे आणि चांगल्या फळीनं सुटतो, याचा अर्थ काय होतो? हात मागे गेला आहे. मी पाहिलं ते बोललो. हसून बोललो कारण रडून बोलता येत नव्हतं. तू त्यांना खेळण्यात रमवून ठेवलंस आणि दवाखान्याच्या फेऱ्या बंद केल्यास, त्याचा जाब तुला कोणी विचारत नाही. मी लांब असतो म्हणून दोषाला मी बरा सापडतो.

माग जात असेल तर जाऊ दे. तो डोळ्यांसमोर असला की बाबांना रोज आपला हात आठवतो. जागा मोकळी झाली की त्यांची खाट खिडकीपाशी येईल. दवाखान्याचं मात्र मनावर घे, मी सुट्टी टाकतो आणि सोबत येतो.

आईला सांग, स्वेटर उसवला. लोभ तू राखून ठेवलास, मीही ठेवतो, बघू कोणाचा आधी संपतो.

तुझा,
ताराचंद

*

पाचपावली, नागपूर
२० फेब्रुवारी १९८६

चि. ताराचंद यास,
आशीर्वाद या वेळी आईकडून घे. वि. वि.

दवाखान्याच्या फेऱ्या मी बंद केल्या असं लिहायला तुझा हात कसा धजावला? दर बुधवारी शाळेतून अर्धी रजा काढून बाबांना रिक्षानं नेते ती कोण, तुझी जबलपूरची घरमालकीण? ते वाक्य वाचून मी पत्राचा बोळा केला होता. मग तो उलगडला, कारण त्यात लोण्यासारख्या नॉबचं कौतुक होतं आणि ते माझ्या डोक्यात अडकलं.

मी टीव्हीवरची चादर काढली आणि बाबांच्या जागी बसले. दुसऱ्या बाजूला आईला बसवलं, तिनं जन्मात पहिल्यांदा नॉब धरला. ताराचंद, आईनं मला हरवलं. खाली आलेला प्रत्येक चेंडू माझ्या फळीखालून गेला. माझा हात काही लकव्याचा नाही. मग बाबारावकाकांना बोलावलं. कॅरममध्ये ते कोणाला ऐकत नाहीत हे तुला माहीत आहे. त्यांनीही तिथंच मार खाल्ला आणि गेमला अशा शिव्या घातल्या की आईनं कानांवर पदर घेतला.

मग मी नॉब उघडला आणि तुझा जुना मीटर लावला. अर्ध्यापर्यंत फिरवला तर काटा जेमतेम हलला. उरलेल्या अर्ध्यात सगळा पल्ला एकदम धावला. पडद्यावर तेच होतं. वरच्या बाजूला फळी हलता हलत नाही आणि खाली तिला नुसतं बोट लागलं तरी ती तळाला जाते. अरे, तो आवाजाचा कंट्रोल आहे! कानाला आवाज हळूहळू वाढल्यासारखा वाटावा म्हणून तो मुद्दाम असा तिरपा बनवतात, हे मला तूच समजावलं होतंस, आपण पहिला ट्रान्झिस्टर जुळवला तेव्हा. सोल्डर मी धरली होती. फळीला सरळ चालणारा कंट्रोल लागतो. तू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलास आणि खूश झालास, कारण रेडिओवाला एवढंच पाहतो की खरखर गेली की नाही. मधे काय होतं ते पाहायला त्या बाजूनं एक डाव खेळावा लागतो. तू डावीकडे बसून जिंकत होतास.

चांगल्या माणसाला न झेपणारा नॉब तू बाबांच्या अर्ध्या हातात दिलास आणि वर त्यांच्या हाताला नावं ठेवलीस. हे लिहितानाही माझी लेखणी कागद फाडते आहे.

बर्डीवरून सरळ चालणारा कंट्रोल आणून मी बसवला. फळी सुतासारखी चालते. पण बाबा बसायला तयार नाहीत. मी सगळं सांगितलं, मीटरचा काटा दाखवला. ते शांतपणे म्हणाले की पोरी, तुले बापाचं मन राखता येते, पण मेकॅनिक तो आहे. शाळेत विज्ञान शिकवते मी! सोल्डरनं बोटं भाजलेली मुलगी मन राखते आणि चुकीचा कंट्रोल लावणारा मुलगा मेकॅनिक! बाबांवर ओरडता येत नाही, म्हणून तुझ्यावर ओरडते आहे.

आता तूच बाबांना लिही. माझ्यामार्फत नको, त्यांच्या नावानं. आधी वाटलं तर कंट्रोल मीटरवर लावून पाहा, माझा शब्द घेऊ नकोस. पण नऊ मार्चच्या आत पत्र इथं पोचलं पाहिजे. टेम्पो आला आणि पत्र नाही आलं, तर तुझ्या ताईचा लोभ कोणत्या पत्त्यावर शोधायचा ते तू पाहा.

प्रेमिला

*

जबलपूर
२७ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप बाबांच्या चरणी,
सा. जय भीम. वि. वि.

हे पत्र तुमच्या एकट्यासाठी आहे, पण ताई वाचून दाखवेल, तिला दाखवू द्या.

ताईचं पत्र आल्यावर मी ते टेबलाच्या खणात कोंबलं. राग आला होता. तिला काय कळतं असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. मग दुकान बंद केल्यावर तसाच एक आवाजाचा कंट्रोल मीटरवर लावला. तिनं लिहिलं तसंच झालं, काट्यानंसुद्धा तिचीच बाजू घेतली. मी तो भिंतीवर फेकला. आमचे शेठ विचारत होते की काय फुटलं.

बाबा, तुमचा हात चुकला नाही. मी चुकीची वस्तू लावली, आणि ती तपासायचं सोडून तुम्हाला चारचौघांत बोललो. मला मेकॅनिक म्हणत असाल तर मेकॅनिक म्हणून सांगतो, त्या नॉबवर माझ्याच्यानंही चेंडू अडला नसता. ताईनं लावलेला कंट्रोल बरोबर आहे. तिनं मला विचारलं असतं तर मीही तोच सांगितला असता, पण मी तिला विचारलं नाही.

तुमच्यावर माझा एक राग आहे, तोही लिहितो. मी बोललो तेव्हा तुम्ही मला एक थोबाडीत का दिली नाही? माग भैय्याजींना देऊ नका. द्यायचाच तर मी आल्यावर, माझ्या तोंडावर द्या.

तुमचा,
तारा

*

पाचपावली, नागपूर
१२ मार्च १९८६

(बाबा सांगतात तसं लिहिते आहे. एक शब्द बदलायचा नाही अशी ताकीद आहे. प्रेमिला)

चि. ताराचंद याले देवाजीचा आशीर्वाद आन जय भीम.

तुहं पत्र भेटलं. आधी तुह्या ताईनं वाचलं. मग म्या बाबारावले वाचायले लावलं, काहून की हे पोरगी मधात आपल्या मनचं घालते का काय, असा मले शक होता. दोघाईनं सारखंच वाचलं. मग तिच्याकडं पाहाची मले शरम वाटली. हे बी लिहिजो वं, असं म्या तिले सांगतलं, ते लिहीत नव्हती.

मले लय राग आला. तुहा आला, अन् त्याच्याहून जास्त माहाच आला. सारी जिंदगी माग चालवला म्या. कपड्यात खोट आली तर हात लावून सांगत होतो का चूक मागाच्या फणीची हाय का माही. अन् इथं तू एक शब्द बोलला आन म्या सीधा हाताले दोष देल्ला. नॉब उघडून पाहाय गा, असं म्हणाची अक्कल झाली नाई मले. अशा माणसाचा माग नेलाच पाह्यजे होता.

भैय्याजी रविवारी टेम्पो घेऊन आले होते. त्यायले जेवू घातलं आन रिकामाच टेम्पो वापस धाडला. लय फुगून गेले. जाऊ दे. माग चालन का नाई, मले मालूम नाई. धोटा अजून खाली पडते. पण तो माह्या हातानं पडते, त्याचं मी पाहीन. तुमी दोघं पत्रापत्रात माह्या हातावरून भांडून राहिले, एकानं बी मले विचारलं नाई का बाबा, तुमाले काय वाटते. आता असं करजो नका.

आता ध्यान देऊन आईक. तुहा तो रेडिओचा कंट्रोल म्या फेकू देल्ला नाई. ताईले सांगून तो डाव्या बाजूले लावला हाय, तुह्या बाजूले. बुद्धपौर्णिमेले येजो. त्याच नॉबवर माह्यासंग बसजो, छोट्या फळीवर. तुही माय बसन, बाबाराव बसन. आन खालचा चेंडू सुटला का म्या सगळ्याइच्या समोर म्हणीन का पोरा, हात ढिला होऊन राहिला तुहा, राहू दे आता.

लोभ ठेवाचा असन तर येऊन ठेव, कार्डावर नको. खालची सही म्या केली हाय, उजव्या हातानं. वाकडी हाय, पण कोणी हात धरला नाई.

देवाजी