विहीणबाईंसमोर उलटलेला बग्रीर

सफ्रू, चेरीचा हंगाम संपता संपता

माझ्या थोरल्या, मानाच्या घीताताईला धाकट्या इद्रीसचा वाकून सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? तेतवानची दमट हवा त्यांना सोसत नाही हे किती वेळा सांगितलं, पण तू ऐकशील तर शपथ. कोंबड्या अंडी देतात ना? (लंगडीला माझी आठवण सांग. मला चोच मारली तिनं, पण आहे बाणेदार.) आमचं इकडे अल्लाच्या कृपेनं अगदी उत्तम चाललंय. मुलं मजेत, मी मजेत, कुणाच्याही मदतीची गरज नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. लगेच बोचकं बांधायला घेशील.

तर झालं असं. रहमा नर्सिंग शिकायला रबातला गेली, जावई स्पेनमध्ये शेतावर, आणि वर्षभरासाठी दोन्ही नातवंडं माझ्याकडे, हे तुला माहीतच आहे. अमीन पाच वर्षांचा, समोर येईल ते खातो; परवा माझ्या शिलाईच्या पेटीतला खडू खाल्लान. हिबा तीन वर्षांची, ती कोरड्या पावाखेरीज काहीच खात नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि मला असं झापलं की बस. रक्त कमी, वजन कमी, फळं द्या, साखर बंद! ही बातमी उज्दाला विहीणबाईंपर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण संध्याकाळी फोन वाजला. "व्याही, झगे शिवण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. पण पोर म्हणजे कापड नव्हे! शुक्रवारी येतेय मी. पोरगी माझ्यासमोर पोटभर जेवली तर ठीक, नाहीतर दोघांनाही उज्दाला नेते." रहमाला विचारलं तर ती फोनवरच रडायला लागली. म्हणाली, बाबा, खात नसेल तर जाऊ द्या हो. ताई, माझी झहरा अल्लाघरी गेल्यापासून या घरात माझ्या कात्रीखेरीज कसला आवाज नव्हता. आता सकाळी उठलो की दोघंजण माझ्या एकाच चपलेसाठी भांडत असतात. मला ती पोरं हवी होती. दुसरं काही नको होतं.

म्हणून ठरवलं, फळं लपवून खाऊ घालायची, आणि लपवायची कशात तर आपल्या बग्रीरमध्ये. रवा, चिमूटभर मीठ, खमीर, कोमट पाणी, की तव्यावर जाळीदार धिरडं तयार. आईला करताना आपण हजारदा पाहिलंय, त्यात काय मोठंसं? (हे वाक्य मी त्या आठवड्यात स्वतःला फार वेळा ऐकवलं.) आधी केळं कुस्करून घातलं. पिठाचा चिखल झाला आणि जाळीऐवजी इथेतिथे चारदोन मोठाली भोकं पडली. तुला काय सांगायचं म्हणा, जाळी नसलेला बग्रीर म्हणजे बिनबाह्यांचा झगा. मग चेरी घातल्या, तर सगळं जांभळं झालं आणि अमीन गल्लीभर ओरडत सुटला की आजोबांनी शाई तळली. मग खजूर घातले. ते बुडाला बसून करपले. अमीननं हे सगळे प्रकार खाल्ले. हिबानं प्रत्येक ताटलीकडे एकदा बघितलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि टेबलाखाली जाऊन बसली. मला वाटलं, पोरीला फळाचा वास येतोय. मी फळ आणखी बारीक वाटलं. ती टेबलाखालीच!

शुक्रवार उजाडला. विहीणबाई बग्रीरच्या बाबतीत कशा आहेत ते तू जाणतेसच. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेल्या असता तिकडच्यांनी बग्रीर उलटून दुसऱ्या बाजूनंही भाजला, तर या चहाचा पेला तसाच ठेवून उठल्या आणि सोयरीक मोडून आल्या. एका बाजूनंच भाजायचा, वरची जाळी उघडी राहायची, यात त्यांच्याकडे माफी नाही. आणि माझ्या तव्यावर केळ्या-खजुराचा बग्रीर गुळगुळीत पडलेला! त्यांची टॅक्सी कोपऱ्यावर थांबलेली दिसली आणि माझं डोकंच फिरलं. मी सुई घेतली. हो, झग्याची जाडी सुई! आणि बग्रीरला भोकं पाडायला बसलो. हसू नकोस. ती भोकं अशी दिसत होती की जणू कसर लागलीय. दारावर थाप पडली, मी घाबरलो, आणि भोकं लपवायला तो बग्रीर तव्यावर उलटा केला. जन्मात पहिल्यांदा. आई वरून बघत असेल तर तिनं तोंड फिरवलं असेल.

विहीणबाई आत आल्या, बसल्या, ताटलीकडे पाहिलं. मी पुढे केलेला चहाचा पेला बाजूला सारला. मी मनातल्या मनात पोरांच्या बॅगा भरायला घेतल्या. तेवढ्यात टेबलाखालून हिबा बाहेर आली. उलट्या बग्रीरवरून तिनं बोट फिरवलं, माझ्या मांडीवर चढली आणि कानात म्हणाली, "आजोबा, झोपले ना सगळे?" कोण झोपले गं? "डोळे. ते बघतात माझ्याकडे." आणि सगळा बग्रीर खाल्लान तिनं, वर दुसरा मागितला! रहमा घाईत पावच द्यायची, त्यामुळे पोरीनं बग्रीर जवळून पाहिला तो माझ्याकडेच. ती इतके दिवस फळाला नव्हे, त्या जाळीला भीत होती. मी हे कुणाला सांगितलं नाही.

विहीणबाई कसलेल्या. म्हणाल्या, "एका दिवसानं काय होतंय? सकाळी मी करते. रव्याचा असा अपमान मी माझ्या नातीच्या पोटात जाऊ देणार नाही. माझ्या हातचं खाल्लंन, तर माझ्याबरोबर येईल." सकाळी त्यांनी फळ शिजवून, गाळून पिठात मिसळलं आणि तव्यावर जे घातलं ते बघून मला रडू यायचं बाकी होतं. काय जाळी होती! हजार भोकं, सगळी सारखी, उघडी. हिबापुढे ताटली ठेवली. तिनं हात तोंडावर नेले. ताई, मी गप्प बसलो असतो तर जिंकलो होतो. पोरगी खाणार नाही, विहीणबाई हरतील, पोरं माझी. चहा ढवळत मी गप्पच बसलो. पण तिची हनुवटी थरथरायला लागली, पोटात भूक होती तिच्या, आणि मला ते बघवेना. मी हात पुढे केला आणि तिच्या ताटलीतला बग्रीर उलटा ठेवला. ती लगेच खायला लागली.

"हे काय केलंत?" विहीणबाई म्हणाल्या. मी सांगून टाकलं. डोळ्यांचं, झोपण्याचं, सगळं. त्यांनी नातीकडे पाहिलं. मग आपल्या हातानं रचलेली बग्रीरची ती चळत पुढे ओढली आणि एकेक करून सगळे उलटे केले. शेवटचा उलटताना हिबानं ओठांवर बोट ठेवलं, तर ज्यांचा आवाज तीन गल्ल्यांपलीकडे जातो त्या बाई कुजबुजल्या, "नाही गं, नाही उठवत." मग आत गेल्या आणि बॅग भरली. एकच. स्वतःची.

असो. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा धाकटा,
इद्रीस

ता. क. माझा तवा खजुरानं कायमचा गेला. आईचा जुना मातीचा तवा तुझ्याकडे आहे, तो पाठवशील?

ता. क. पोस्टानं पाठवू नकोस, फुटेल. हातानं आण. वर मी "उत्तम" आणि "गरज नाही" लिहिलंय ते खोड. मला पोरीची वेणी येत नाही, अमीननं दुसरा खडू खाल्लाय, आणि विहीणबाई दर महिन्याला येणार आहेत. कोंबड्याही आण. लंगडीसुद्धा.

ता. क. हिबा विचारतेय, येणारी आजी बग्रीर जागे करते की झोपवते? मी तिला सांगितलंय, झोपवते. मला खोटं पाडू नकोस.