पोट सुटलेली भिंत

प्रिय वैजू,

माझा फोन लागत नाही म्हणून जिवाला घोर लावून घेऊ नकोस. मी ठणठणीत आहे, खानावळही जोरात आहे. क्लासच्या मुली पोळ्यांना नावं ठेवतात आणि वर आणखी एक मागून घेतात.

मागच्या आठवड्यात तू सांगितलंस, बॅटरी फुगते हे तू वर कळवलंस, कारखान्यात त्या फोनचं काम थांबलं, कंपनीला तोटा झाला. आता सोबतचे लोक बोलत नाहीत, राजीनामा देतो म्हणालास.  मग आपल्याकडे जेवणाऱ्या ऋतुजाने पेपर वाचून दाखवला. विकलेले सगळे फोन परत घेणार, लोकांचे पैसे देणार, तयार माल मोडणार, तीन महिन्यांचा नफा त्यातच बुडाला. मी तोंडात बोट घातलं. नखाएवढ्या जागेतली चूक आणि एवढी थोरली कंपनी हलली. बिघडलेले थोडेच असतील, मग सगळे कशाला परत घ्यायचे, असं मी विचारलं आणि माझं मलाच हसू आलं. डाळीत खडा निघाला तर आपण ताट बदलतो, पण पाल पडली तर आख्खं पातेलं ओततो, आणि तरी गिऱ्हाईक महिनाभर दुसरीकडे जेवतं.

गावच्या घराची मागची भिंत तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतास. दगडमातीच्या त्या भिंतीला पोट सुटलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं. तुझे आबा म्हणायचे, दिवाळीनंतर उतरवू, आत्ता खर्च कशाला. दिवाळीआधीच भूकंप झाला. आबा त्या भिंतीकडेच झोपले होते. भूकंपापुढे कोणाचं काय चालतं, चांगली घरंही पडली, पण ती भिंत मनातून जात नाही. आणि माझ्या पोराने एक फुगवटा बघितला, तो बोलला, तर देशभरातले फोन परत निघाले. वैजू, भाकरी थापताना हे आठवतं आणि माझा हात थांबतो.

इथल्या काही मुलींकडेही तेच फोन, पण त्या द्यायला तयार नव्हत्या. ऋतुजा म्हणाली, "काकू, कॅमेरा लई भारी हाय, मी न्हाई देणार." म्हणून तू पाडव्याला पाठवलेला माझा फोन मीच आधी दुकानात नेला. माझ्यामागे त्याही आल्या.

दुकानदाराने कव्हर काढलं तर फोनची पाठ उचललेली. त्यालाही पोट सुटलं होतं. तुझा आवाज जवळ असावा म्हणून मी तो रोज उशाशी घेऊन झोपत होते. हे दुसऱ्या कोणाच्या फोनवरून सांगायला गेले असते तर रडू आलं असतं, म्हणून लिहायला बसले. नोकरी ठेवायची की सोडायची ते तू ठरव. पण बोललो ते चुकलं, असं म्हणून सोडू नकोस.

तू जिला वाचवलंस ती,
तुझीच आई