शिवणीच्या फळीवरचा चेहरा

वसई, ५ मार्च २००४

ति. जोस्लीन वहिनीस,
धाकटा दीर हॅरी याचा सा. न. वि. वि. इकडे आई आणि आम्ही सर्व खुशाल. मे महिन्यात दादाला जाऊन वर्ष होईल; चर्चमधल्या त्याच्या मिस्सेला आपण याल, ही खात्री आहे.

दादाने काढलेलं आपलं चित्र, आपण खिडकीशी वाचत बसल्या आहात ते, आपण फ्रेम करायला दिलं होतं; ते फ्रेम केलं नाही. त्यावरून जपानी पद्धतीचा लाकडी ठसा कोरून प्रती छापायचं त्याच्या मनात होतं ना? शिवणीच्या लाकडाची फळी घासून चित्र तिच्यावर पालथं चिकटवलं आहे. आता कोरतो. घरोघरी एकेक प्रत देऊ. खूश ना?

लोभ आहेच, वाढवायचा तर खजुराची एक पेटी पुरे.
हॅरी

दोहा, १६ मार्च २००४

हॅरी भाऊजी,
नमस्कार. लिहावा लागतो म्हणून लिहिला.

कोरू नका. पत्र हातात पडेल तेव्हा पटाशी खाली ठेवा.

तुमच्या दादाच्या, रॉयच्या, इथल्या वर्कशॉपमध्ये एक जपानी साहेब जुनी चित्रं फ्रेमला आणायचे. त्यांनी दिलेलं पुस्तक मी अल मन्सूरा भागातल्या या खोलीत डिक्शनरी घेऊन वाचलं आहे. चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. रंगागणिक फळी वेगळी. दरबारासाठी नव्हती ती चित्रं. साधी माणसं बाजारातून घेऊन घरात लावायची. मला ते फार आवडलं. पण मूळ कागद फळीला चिकटवून त्याच्या रेघांवरूनच कोरतात आणि तो कायमचा जातो, हेही त्यातच आहे. रॉयने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. तो हसला आणि कागद माझ्या उशाखाली ठेवला.

आयुष्यात त्याने माझं एकच चित्र काढलं. त्याला विचारता येत नव्हतं, कबूल. मी तर जिवंत होते. मी काम करते त्या क्लिनिकमध्ये फोनही आहे.

लोभाचं नंतर बघू.
जोस्लीन

वसई, २८ मार्च २००४

ति. वहिनीस,
सा. न. फळीला हत्यार लावलेलं नाही. कागद सोडवायला गेलो तर कोपरा फाटला, म्हणून थांबलो. आपलं पत्र वाचल्यापासून आई माझ्याशी बोलत नाही.

मला पटाशी धरायला दादाने शिकवलं. त्याच्या रेघेवरून एकदा हात फिरवावा, एवढंच मनात होतं. विचारायला हवं होतं. आता सांगाल तसं.

लोभ मागायचं तोंड नाही.
हॅरी

दोहा, १२ एप्रिल २००४

हॅरी भाऊजी,
नमस्कार. काल ईस्टर झाला. मी काहीच केलं नाही.

फळी चुलीत घाला, असं लिहायला बसले होते. तुमचं रेघेचं वाक्य पुन्हा वाचलं आणि ते पत्र फाडलं. त्याच्या रेघेवरून हात फिरवायचा आहे तर फिरवा, पण मी सांगते तसा. ओल्या बोटाने कागदाची पाठ हळूहळू चोळून काढा. पातळ पापुद्रा राहिला की खोबरेलाचं बोट फिरवा. खालच्या रेघा दिसतील. खिडकी कोरा, खुर्ची कोरा, पुस्तक आणि माझे हात कोरा. मानेच्या वर हत्यार न्यायचं नाही. छापताना तिथे शाईसुद्धा लावायची नाही.

प्रतींवर चेहऱ्याच्या जागी नुसता कागद राहील. राहू दे. कुणी विचारलं तर सांगा, वहिनीने दिला नाही.

मिस्सेला येईन तेव्हा प्रती वाटा आणि फळी मला द्या. तिच्यावर मी उलटी असेन, आरशात दिसते तशी. चालेल. चेहऱ्याची रेघ त्याच्याच हातची असेल.

लोभ ठेवा. माझा राग गेलेला नाही.
जोस्लीन

ता. क. खजुराची पेटी आणते आहे. आईंसाठी.