मोरीसमोरचे बारा मासे

४ मार्च

म्हणे बाराच्या पाढ्यावर अडलेला! अजून तेच. मास्तर मेला, शाळेची भिंत पडली, पण दादाच्या तोंडातला तो पाढा काही मरत नाही. आज फोनवर परत— "तुला काय हिशेब कळणार? बारा पंचेला गप्प झालास तो झालासच." त्याचे हात कोरडे आहेत, त्याला बोलायला काय जातंय! मी पाच महिने या नदीतला गाळ पोत्यांत भरतोय. नखं निळी झालीत. साबणाने जात नाहीत, दगडाने घासूनही जात नाहीत.

पैसे हवेत त्याला. वरच्या मजल्याचं काम अडलंय. "तू पाठवत नाहीस, मग मी आईची खोली भाड्याने देतो. तिला काय, पडवीत झोपेल."

भुंकतो नुसता. चावणार नाही.

५ मार्च

गाळ काढणारी आमची टोळी गेली. मी एकटा राहिलो. राखण्या!

झालं असं. आज धक्क्यावरच्या शेडमध्ये बैठक होती. कारखान्याचा साहेब कागद घेऊन आला— पाणी तपासलंय, नदी साफ आहे, सही करा, उद्यापासून पाण्याचा टँकर बंद. वस्तीच्या वतीने नाववाली बोलते, होडी चालवणारी म्हातारी. पुरुष तिच्या मागे बसून नुसते खोकतात. ती म्हणाली, "तुमचा कागद तुम्हीच धुऊन प्या." सगळे हसले. साहेबसुद्धा हसला, पण दात न दाखवता.

मग तिनेच तोड काढली. कारखान्याची मोरी जिथे नदीत पडते तिथे जाळीत मासे सोडायचे. दहा दिवस जगले तर ती सही करणार. एक जरी मेला तर परत गाळ काढायचा, तळ लागेपर्यंत, कारखान्याच्या खर्चाने. आणि तोवर टँकर चालू.

राखणीला कोण? यांचा माणूस त्यांना नको, त्यांचा यांना नको. तासभर भांडले. शेवटी तिने माझ्याकडे बोट केलं— "हा ठेवा. याला इथे ना आई ना बाप. कुणाच्या अध्यात ना मध्यात." साहेबाने स्टूल बघावं तसं मला बघितलं. "चालेल."

मला कुणी विचारलं?

बारा मासे सोडले. बदलू नयेत म्हणून तिने कात्रीने प्रत्येकाच्या शेपटीचं टोक कापलं. ही खूण. मासा मेला की बांबूवर लाल फडकं चढवायचं. फडकं माझ्या खिशात.

६ मार्च

माझं जेवण नाववालीकडे, ठरावातच आहे. "उंबऱ्याच्या आत पाय टाकू नकोस, बघूही नकोस. गाळवाल्यांचा वास जात नाही." ताट पायाने सरकवलं— पायाने!

तिची नात बघत होती. चार वर्षांची असेल. पोटऱ्यांवर नदीचे फोड, काही फुटलेले. "आजी, याची नखं बघ, भुतासारखी!"

"बघू नको त्याच्याकडे. आणि ए, ताट टँकरच्या पाण्याने धू. वाटीभरच घे, नदी नाही ती."

७ मार्च

दुपारी मुकादम आला. कारखान्याचा. जवळ बसला, बिडी दिली. म्हणाला, "मेलाच एखादा, तर फडकं कशाला? ताजा टाक. बादली माझी, मासे माझे, शेपटी तेवढी तू काप. एका माशामागे पाचशे."

मी म्हटलं, "मुकादम, मी राखण्या आहे, चोर नाही."

"राखण्या आणि चोर एकाच आईचे रे. एक जागा असतो, दुसरा पण जागाच असतो." आणि हसत गेला.

बिडी नदीत फेकली. बरं वाटलं! लय दिवसांनी असं बरं वाटलं.

८ मार्च

बाराही जिवंत. एकाचं नाव दादा ठेवलंय. सारखं तोंड उघडतो.

१० मार्च

सकाळी दोन उलटे तरंगत होते. पोट वर, पांढरं. पाणी तर काचेसारखं! तळाचा दगड दिसतो, मग मरतात कशाने?

फडकं काढलं. बांबूपर्यंत गेलो. मग वाटलं, आधी तिला सांगू. तिचंच म्हणणं खरं ठरलं, तिला बरं वाटेल. कदाचित म्हणेल, बस जरा. पळत गेलो. धाप लागली. दारातून म्हटलं, "मावशी—"

वळलीसुद्धा नाही. "मावशी कोण रे तुझी? जेवण संध्याकाळी. कुत्र्यालाही वेळ कळते."

आत तिची सून हसली. दार लोटलं. मी फडकं हातात धरून उभा.

तेवढ्यात फोन. दादा. "आईची खाट बाहेर काढली. भाडेकरू उद्या येतोय. पैसे आले की आत घेऊ." मी शिव्या घातल्या. तो म्हणाला, "घाल, शिव्यांना पैसे पडत नाहीत." मागून आईचा आवाज आला— "त्याला म्हणावं मला इथे छान वारा लागतो." आणि खोकली. किती वेळ खोकत होती!

फडकं खिशात ठेवलं.

११ मार्च

कात्री बोथट आहे. शेपटी सरळ कापली जात नाही.

१२ मार्च

टँकर दुपारी येतो. त्याचा भोंगा वाजला की अख्खी वस्ती बादल्या, डबे घेऊन वरच्या रस्त्याला पळते. काठावर चिटपाखरू नसतं. मुकादमाला हे आधीपासून माहीत होतं.

आज दादा मेला. मासा.

जेवायला गेलो तेव्हा नाववालीने विचारलं, "आहेत ना?" म्हटलं, आहेत. म्हणाली, "आज मान खाली घालून का बोलतोस?" म्हटलं, तुम्हीच सांगितलंय ना, आत बघायचं नाही.

१३ मार्च

झोप नाही. मुकादम पैसे रोख देतो, नवीन नोटा.

१५ मार्च

जाळी वर ओढली. सगळी वस्ती काठावर. साहेब, मुकादम, सगळे. नाववालीने एकेक मासा हातात घेऊन शेपटी बघितली. एकाला फार वेळ धरून ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं तिच्याकडे, डोळे खाली नाही केले. एवढं मला जमतं हे मला माहीत नव्हतं.

तिने सही केली. साहेबाने टाळ्या वाजवल्या. टँकरवाल्याने पाइप गुंडाळला तो शेवटचाच. पोरं पाण्यात पडली. तिची नात कमरेएवढ्या पाण्यात, फोडांसकट, ओरडतेय— "आजी, गार आहे!"

मी बोचकं बांधत होतो तर नाववालीची हाक आली— "ए राखण्या! आत ये." म्हटलं, वास येईल. "ये म्हणते ना!" उंबरा ओलांडला. चटईवर बसवलं. हाताने ताट ठेवलं. म्हणाली, "मला वाटलं होतं विकला जाशील. मीच खालचं बोलले तुला. माणूस निघालास." सून हसली, पण बरं हसली. नात माझ्या नखाला बोट लावून बघत होती. तिचे ओठ ओले होते.

मग ताटाशेजारी पेला ठेवला. काठोकाठ. "घे, आपल्या नदीचं. एवढ्या वर्षांनी. आम्ही सगळे प्यायलो, तूच राहिलास."

सगळे माझ्याकडे बघत होते.

तहान नाही म्हणालो.

१६ मार्च

बारा पंचे साठ. पुढे दोन शून्यं. आईची खाट आत घ्यायला दादाला सहा हजार पाठवले.